बँक तपासणी शुल्क

बँक तपासणी शुल्क म्हणजे बँकेच्या कारभाराची तपासणी करणाऱ्या नियामक संस्थेने त्या तपासणीचा व पर्यवेक्षणाचा खर्च भागवण्यासाठी तपासल्या जाणाऱ्या बँकेकडूनच वसूल केलेली रक्कम होय. अमेरिकेत राष्ट्रीय बँकांच्या बाबतीत ही पद्धत १८६४ पासून चालू आहे. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्येही पर्यवेक्षणाचा खर्च बँकांकडून घेतला जातो. भारतात मात्र रिझर्व्ह बँक हा खर्च आपल्या उत्पन्नातून करते. ज्याची तपासणी करायची त्याच्याच पैशावर तपासनिसाने अवलंबून राहावे का, हा या विषयातील मूळ वाद आहे. अमेरिकेच्या अनुभवातून त्यात एक उपप्रश्नही पुढे आला. शुल्क देणाऱ्या बँकेला आपला तपासनीस बदलण्याची मुभा असावी का, हा तो प्रश्न होय.

संज्ञा व व्याप्ती

तपासणी शुल्क हे लेखापरीक्षणाच्या मोबदल्याहून वेगळे आहे. लेखापरीक्षकाची नेमणूक बँक करते आणि बँकेचे हिशेब खरे व यथायोग्य आहेत की नाहीत, याबाबत तो मत देतो. नियामकाचा तपासनीस कायद्याने मिळालेल्या अधिकारात बँकेत येतो. कर्जांचा दर्जा, भांडवलाची पर्याप्तता, रोखतेची स्थिती, व्यवस्थापनाची कुवत आणि कायद्याचे पालन या बाबी तो तपासतो. त्याचा अहवाल गोपनीय असतो व त्याआधारे नियामक बँकेवर निर्बंध घालू शकतो.

हे शुल्क ठेव विम्याच्या हप्त्याहूनही निराळे असते. विम्याचा हप्ता बँक बुडाल्यास ठेवीदारांची भरपाई करण्यासाठी जमा होतो, तर तपासणी शुल्क बँक बुडू नये म्हणून चालणाऱ्या देखरेखीसाठी खर्च होते. अमेरिकेत या दोन निधींची काही प्रमाणात सरमिसळ होते. त्यातून उद्भवलेल्या वादाची माहिती पुढे दिली आहे.

इतिहास

दैनिक भत्त्यापासून ठोक शुल्कापर्यंत

यादवी युद्धाच्या काळात, २५ फेब्रुवारी १८६३ रोजी, अमेरिकी काँग्रेसने राष्ट्रीय चलन कायदा संमत केला. ३ जून १८६४ च्या राष्ट्रीय बँक कायद्याने त्याची जागा घेतली. या कायद्यांनुसार केंद्र सरकारची सनद घेतलेल्या बँकांना राष्ट्रीय बँका असे म्हटले जाऊ लागले. त्यांच्यावर देखरेख ठेवण्यासाठी कॉम्प्ट्रोलर ऑफ द करन्सी, म्हणजे चलन नियंत्रक, हे पद निर्माण झाले. ह्यू मॅकुलॉक हे पहिले चलन नियंत्रक होते.

१८६४ च्या कायद्यात तपासनिसाचा मोबदला ठरवून दिलेला होता. तपासणीच्या प्रत्येक दिवसासाठी ५ डॉलर आणि प्रवासाच्या दर २५ मैलांमागे २ डॉलर, असा तो दर होता. ही रक्कम तपासलेल्या बँकेनेच द्यायची होती. सरकारी तिजोरीवर भार पडू नये, हा या व्यवस्थेचा उघड लाभ होता.

१८७५ मध्ये दैनिक दराऐवजी भांडवलावर आधारित ठोक शुल्क आले. लहान बँकेच्या तपासणीसाठी २० डॉलर, तर सर्वांत मोठ्या वर्गातील बँकेसाठी ७५ डॉलर, अशी चढती श्रेणी ठरली. मोठ्या शहरांतील आणि दूरच्या पश्चिमेकडील बँकांसाठी वेगळे नियम होते.

ठोक शुल्काने हिशेब सोपा झाला, पण तपासणीचा दर्जा घसरण्याची वाट मोकळी झाली. एका बँकेत तपासनीस एक दिवस थांबला काय किंवा चार दिवस थांबला काय, त्याच्या हाती तेवढीच रक्कम पडे. प्रवासाचा आणि मदतनिसाचा खर्चही त्याला त्यातूनच करावा लागे. जो तपासनीस संशयास्पद कर्जखात्यांच्या मुळाशी जाण्यासाठी अधिक दिवस काढी, त्याचे उत्पन्न घटे, आणि जो भराभर बँका उरकी, त्याचे उत्पन्न वाढे. हा दोष निरनिराळ्या चलन नियंत्रकांनी आपल्या वार्षिक अहवालांतून मांडला आणि शुल्काऐवजी नियमित पगार द्यावा, अशी शिफारस केली.

१९१३ ची सुधारणा

२३ डिसेंबर १९१३ च्या फेडरल रिझर्व्ह कायद्याने ही पद्धत बदलली. कायद्याच्या २१ व्या कलमानुसार तपासनिसांना ठरावीक पगार मिळू लागला. खर्च मात्र बँकांकडूनच वसूल व्हायचा होता, आणि तोही त्यांच्या मालमत्तेच्या प्रमाणात. वर्षातून किमान दोनदा तपासणी करण्याचे बंधनही त्यात होते.

या सुधारणेचे महत्त्व असे की तिने शुल्क रद्द न करता ते तपासनिसाच्या खिशापासून दूर नेले. बँकेचा पैसा कार्यालयाकडे जाऊ लागला आणि तपासनिसाला कार्यालयाकडून पगार मिळू लागला. एखाद्या बँकेत किती दिवस थांबायचे, या निर्णयाचा त्याच्या उत्पन्नाशी संबंध उरला नाही. आजची अमेरिकी पद्धत याच तत्त्वावर उभी आहे.

आकारणीची पद्धत

चलन नियंत्रक कार्यालय हे अमेरिकेच्या अर्थखात्याचा स्वतंत्र विभाग असून सुमारे एक हजार बँका व बचतसंस्थांवर देखरेख ठेवते. त्याला काँग्रेसकडून वार्षिक अनुदान मिळत नाही. एक अब्ज डॉलरहून अधिक असलेला त्याचा वार्षिक खर्च जवळजवळ पूर्णपणे बँकांकडून घेतलेल्या शुल्कातून भागतो.

शुल्काची आकारणी सहामाही असते. ३१ डिसेंबर व ३० जून या तारखांच्या विवरणपत्रांतील एकूण मालमत्तेवरून रक्कम ठरते आणि ती अनुक्रमे ३१ मार्च व ३० सप्टेंबरपर्यंत भरावी लागते. मालमत्तेचे टप्पे पाडलेले असून वरच्या टप्प्यांवरील दर उतरता असतो. त्यामुळे दहापट मोठ्या बँकेला दहापट शुल्क भरावे लागत नाही. प्रत्येक तपासणीत काही खर्च बँकेच्या आकाराशी निगडित नसतो, हे या उतरत्या दरामागील कारण आहे. लहान बँकांना मात्र यामुळे प्रत्येक डॉलरमागे अधिक भार सोसावा लागतो.

मूळ आकारणीवर बँकेच्या प्रकृतीनुसार अधिभार लागतो. तपासणीनंतर प्रत्येक बँकेला १ ते ५ या श्रेणींपैकी एक श्रेणी दिली जाते. भांडवल, मालमत्तेचा दर्जा, व्यवस्थापन, उत्पन्न, रोखता आणि बाजारजोखमीची संवेदनक्षमता या सहा घटकांवर आधारलेल्या या मूल्यांकनास कॅमल्स असे नाव आहे. १ ही उत्तम व ५ ही सर्वांत वाईट श्रेणी होय. ३ श्रेणीच्या बँकेला मूळ शुल्काच्या दीडपट, तर ४ किंवा ५ श्रेणीच्या बँकेला दुप्पट शुल्क भरावे लागते. उदाहरणार्थ, मूळ आकारणी १ लाख डॉलर असेल तर ३ श्रेणीत ती १ लाख ५० हजार आणि ४ किंवा ५ श्रेणीत २ लाख डॉलर होते.

आजारी बँकेकडे तपासनिसांना अधिक वेळ द्यावा लागतो, म्हणून तो खर्च सुदृढ बँकांवर पडू नये, असे अधिभाराचे समर्थन केले जाते. अडचणीतील बँकेचा खर्च नेमका अडचणीच्या वेळीच वाढतो, असा त्यावर आक्षेप आहे.

दुहेरी बँकव्यवस्था आणि शुल्कातील तफावत

अमेरिकेत बँक स्थापन करण्यासाठी केंद्राची किंवा राज्याची, यांपैकी कोणतीही सनद घेता येते आणि पुढे ती बदलताही येते. सनद बदलली की मुख्य पर्यवेक्षक बदलतो. केंद्राची सनद असलेल्या बँकेवर चलन नियंत्रकाची देखरेख असते. राज्याची सनद असलेल्या बँकेवर राज्याचे बँकिंग खाते देखरेख ठेवते, आणि त्याच्या जोडीला एक केंद्रीय संस्थाही असते. अशी बँक फेडरल रिझर्व्हची सदस्य असेल तर फेडरल रिझर्व्ह, आणि सदस्य नसेल तर १९३३ च्या बँकिंग कायद्याने निर्माण झालेले केंद्रीय ठेव विमा महामंडळ तिची तपासणी करते.

शुल्काच्या दृष्टीने या रचनेत मोठी विषमता आहे. राष्ट्रीय बँक आपल्या पर्यवेक्षणाचा सर्व खर्च स्वतः भरते. राज्य सनदेची बँक फक्त राज्याच्या खात्याला शुल्क देते. तिच्या केंद्रीय तपासणीसाठी फेडरल रिझर्व्ह किंवा विमा महामंडळ तिच्याकडून वेगळे शुल्क घेत नाही. फेडरल रिझर्व्ह आपला खर्च स्वतःच्या उत्पन्नातून आणि विमा महामंडळ विमा निधीतून करते. विमा निधीत राष्ट्रीय बँकांचेही हप्ते जमा असतात. त्यामुळे आपण स्वतःच्या तपासणीचा खर्च भरतोच, शिवाय प्रतिस्पर्धी बँकांच्या तपासणीलाही हातभार लावतो, अशी राष्ट्रीय बँकांची तक्रार राहिली आहे. १९९८ ते २००४ या काळातील चलन नियंत्रक जॉन डी. हॉक यांनी ही तफावत दूर करण्याचा आग्रह धरला होता.

१९९० च्या दशकात अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या प्रशासनाने राज्य सनदेच्या बँकांकडूनही केंद्रीय तपासणीचे शुल्क घेण्याचा प्रस्ताव अर्थसंकल्पांतून मांडला. राज्यांचे पर्यवेक्षक आणि लहान बँकांच्या संघटना यांनी त्यास विरोध केला. एकाच तपासणीचे दोनदा पैसे द्यावे लागतील आणि राज्याच्या सनदेचे आकर्षण संपेल, असे त्यांचे म्हणणे होते. काँग्रेसने प्रस्ताव स्वीकारला नाही.

सनद बदलाचा परिणाम पर्यवेक्षकाच्या तिजोरीवर थेट होतो. २००४ मध्ये एचएसबीसीची अमेरिकी बँक आणि जेपी मॉर्गन चेस या दोन मोठ्या बँकांनी न्यूयॉर्क राज्याची सनद सोडून केंद्राची सनद घेतली. त्यामुळे न्यूयॉर्कच्या बँकिंग खात्याचे शुल्कापासूनचे उत्पन्न मोठ्या प्रमाणावर घटले, तर चलन नियंत्रक कार्यालयाचे वाढले.

बचतसंस्था पर्यवेक्षण कार्यालयाचे प्रकरण

शुल्कावरील अवलंबित्व कोणत्या थराला जाऊ शकते, याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे ऑफिस ऑफ थ्रिफ्ट सुपरव्हिजन, अर्थात बचतसंस्था पर्यवेक्षण कार्यालय होय. १९८० च्या दशकात अमेरिकेतील बचत व गृहकर्ज संस्था मोठ्या संख्येने बुडाल्यानंतर १९८९ मध्ये या कार्यालयाची स्थापना झाली. त्याचाही खर्च तपासल्या जाणाऱ्या संस्थांच्या शुल्कातून भागत असे.

कार्यालयाच्या अखत्यारीतील सर्वांत मोठी संस्था वॉशिंग्टन म्युच्युअल ही होती. अमेरिकी सिनेटच्या स्थायी चौकशी उपसमितीने एप्रिल २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २००३ ते २००८ या काळात कार्यालयाच्या उत्पन्नाचा १२ ते १५ टक्के भाग या एकाच संस्थेकडून येत होता. तिच्या कर्जवाटपातील दोष तपासनिसांच्या नजरेतून सुटले नव्हते. २००४ ते २००८ या पाच वर्षांत त्यांनी ५०० हून अधिक गंभीर त्रुटी नोंदवल्या होत्या. तथापि वरिष्ठ पातळीवर कठोर औपचारिक कारवाई वेळेत झाली नाही, असा उपसमितीचा निष्कर्ष होता. २५ सप्टेंबर २००८ रोजी वॉशिंग्टन म्युच्युअल बुडाली. तिची मालमत्ता ३०७ अब्ज डॉलर असून अमेरिकेच्या इतिहासातील ती सर्वांत मोठी बँकबुडी होती.

त्याआधी, ११ जुलै २००८ रोजी, याच कार्यालयाच्या देखरेखीखालील इंडीमॅक ही संस्था बुडाली होती. मे २००८ मध्ये तिच्यात आलेले १ कोटी ८० लाख डॉलरचे भांडवल मार्चअखेरच्या हिशेबात दाखवण्यास कार्यालयाने मुभा दिल्याचे अर्थखात्याच्या महानिरीक्षकांनी उघड केले. कंट्रीवाइड या मोठ्या गृहकर्जदार समूहातील बँकेने मार्च २००७ मध्ये राष्ट्रीय बँकेची सनद सोडून बचतसंस्थेची सनद घेतली होती. म्हणजेच तिने चलन नियंत्रकाऐवजी या कार्यालयाची देखरेख निवडली होती.

या घटनांनंतर २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने हे कार्यालय बंद केले. २१ जुलै २०११ रोजी त्याची कामे इतर संस्थांकडे वर्ग झाली आणि त्यांपैकी केंद्रीय बचतसंस्थांची देखरेख चलन नियंत्रक कार्यालयाकडे आली. त्याच कायद्याने मोठ्या बँकधारक कंपन्यांकडून पर्यवेक्षणाचा खर्च वसूल करण्याचे बंधन फेडरल रिझर्व्हवर घातले. आरंभी ५० अब्ज डॉलर मालमत्तेची असलेली मर्यादा २०१८ मध्ये १०० अब्ज डॉलर करण्यात आली. ही वसुली फेडरल रिझर्व्ह स्वतःकडे न ठेवता सरकारी तिजोरीत जमा करते.

बाजू व आक्षेप

शुल्कपद्धतीच्या बाजूने प्रामुख्याने दोन कारणे दिली जातात. पहिले कारण न्यायाचे आहे. बँकेवरील विश्वास टिकून राहिल्याचा लाभ बँकेला मिळतो, म्हणून त्या देखरेखीचा खर्च सर्वसामान्य करदात्यावर पडू नये. दुसरे कारण स्वायत्ततेचे आहे. नियामकाला दरवर्षी लोकप्रतिनिधींकडे अनुदान मागावे लागले तर बँकांचा राजकीय प्रभाव अनुदानातील कपातीच्या रूपाने त्याच्यापर्यंत पोहोचू शकतो. अमेरिकेतील रोखे व विनिमय आयोग शुल्क गोळा करतो, पण त्याचा खर्च काँग्रेस दरवर्षी ठरवते. शुल्कावर थेट चालणाऱ्या संस्थांना असा अंकुश नसतो.

विरोधी बाजूचा मुख्य आक्षेप हितसंबंधांच्या संघर्षाचा आहे. उत्पन्न मोजक्या मोठ्या बँकांवर अवलंबून असेल तर त्यांना दुखावणे नियामकाला जड जाते. बँका बुडाल्या किंवा दुसऱ्या सनदेकडे वळल्या की देखरेखीची निकड असतानाच उत्पन्न आटते, हा दुसरा आक्षेप आहे. शुल्काचा भार बँका अखेर ठेवीदार, कर्जदार व भागधारक यांच्याकडे सरकवतात, याकडेही लक्ष वेधले जाते.

शुल्क नसले की देखरेख आपोआप कडक होते, असेही अनुभव सांगत नाही. सिलिकॉन व्हॅली बँक ही कॅलिफोर्निया राज्याच्या सनदेची आणि फेडरल रिझर्व्हची सदस्य असलेली बँक १० मार्च २०२३ रोजी बुडाली. फेडरल रिझर्व्हचा खर्च या बँकेच्या शुल्कावर अवलंबून नव्हता. तरीही पर्यवेक्षकांनी उणिवा ओळखूनही पुरेशा जोराने कारवाई केली नाही, असे फेडरल रिझर्व्हने २८ एप्रिल २०२३ च्या आपल्याच अहवालात मान्य केले. त्यामुळे शुल्क कोण देतो यापेक्षा शुल्क देणाऱ्याला तपासनीस निवडता येतो का, आणि तपासनिसाच्या नोंदीवर कारवाई करणे वरिष्ठांवर बंधनकारक आहे का, या गोष्टी अधिक निर्णायक ठरतात. १९१३ च्या सुधारणेने तपासनिसाचे उत्पन्न बँकेपासून तोडले, परंतु कार्यालयाचे उत्पन्न बँकेच्या सनदनिवडीपासून तोडलेले नव्हते. बचतसंस्था कार्यालयाच्या प्रकरणात हीच उरलेली फट उघडी पडली.

इतर देशांतील पद्धती

युरोपीय संघ

४ नोव्हेंबर २०१४ पासून युरो क्षेत्रातील मोठ्या बँकांची थेट देखरेख युरोपीय मध्यवर्ती बँकेकडे आली. या कामाचा संपूर्ण खर्च बँकांकडून शुल्करूपाने घेतला जातो. पहिल्या आकारणीत २०१४ च्या अखेरच्या दोन महिन्यांसाठी ३ कोटी युरो आणि २०१५ साठी २९ कोटी ६० लाख युरो ठरवण्यात आले होते. प्रत्येक बँकेचा वाटा तिची एकूण मालमत्ता आणि जोखीमभारित मालमत्ता या दोन निकषांना समान वजन देऊन काढला जातो. त्याखेरीज खर्चाचा १० टक्के भाग सर्व बँकांत समान वाटला जातो. २०२० पासून अंदाजित खर्चाऐवजी वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष खर्चानुसार वसुली होते. युरो क्षेत्रातील मोठ्या बँकेला त्याच क्षेत्रात राहून दुसरा पर्यवेक्षक निवडता येत नाही. अमेरिकी पद्धतीहून हा महत्त्वाचा फरक आहे.

ब्रिटन

ब्रिटनमध्ये १ एप्रिल २०१३ पासून बँकांच्या सुदृढतेची देखरेख बँक ऑफ इंग्लंडच्या अखत्यारीतील प्रुडेन्शियल रेग्युलेशन ऑथॉरिटी करते. तिचा खर्च बँका, गृहकर्ज संस्था व विमा कंपन्या यांच्याकडून घेतलेल्या वार्षिक शुल्कातून भागतो. व्यवहारांतील सचोटीची देखरेख करणारे वित्तीय आचरण प्राधिकरणही स्वतंत्र शुल्क आकारते.

भारत

भारतात बँकांची तपासणी करण्याचा अधिकार बँकिंग नियमन अधिनियम, १९४९ च्या कलम ३५ अन्वये रिझर्व्ह बँकेला आहे. या तपासणीसाठी रिझर्व्ह बँक बँकांकडून वेगळे शुल्क घेत नाही. खर्च तिच्या उत्पन्नातून होतो आणि खर्च व तरतुदी वजा जाता उरलेली रक्कम रिझर्व्ह बँक अधिनियमाच्या कलम ४७ अन्वये केंद्र सरकारला दिली जाते. २०२३-२४ या वर्षासाठी ही रक्कम सुमारे २ लाख ११ हजार कोटी रुपये होती. तपासणीवर खर्च झालेला प्रत्येक रुपया या शिलकीतून कमी होत असल्याने तो भार अप्रत्यक्षपणे सार्वजनिक तिजोरीवर पडतो.

बँका देतात तो ठेव विम्याचा हप्ता. एप्रिल २०२० पासून तो दर १०० रुपयांच्या ठेवींमागे वर्षाला १२ पैसे असा ठरवण्यात आला आणि त्याआधी ४ फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे १ लाखावरून ५ लाख रुपये करण्यात आली. हा हप्ता ठेव विमा व पत हमी महामंडळाकडे जातो आणि त्याचा तपासणीच्या खर्चाशी संबंध नसतो. महाराष्ट्रातील सहकारी बँका लेखापरीक्षणाचा जो मोबदला देतात तोही तपासणी शुल्क नव्हे. तो संस्थेच्या हिशेबांच्या परीक्षणासाठी लेखापरीक्षकाला दिला जातो आणि रिझर्व्ह बँकेची तपासणी त्याहून स्वतंत्रपणे होते.